स्ट्रट्स २: एका ॲक्शनच्या व्हॅलिडेशन एरर पुढच्या ॲक्शनपर्यंत कशा न्यायच्या

समजा, इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेच्या ऑनलाइन नोंदणीचं काम तुमच्याकडे आलंय आणि ते स्ट्रट्स २ मध्ये, म्हणजे वेब ॲप्लिकेशन बांधायच्या एका जावा फ्रेमवर्कमध्ये, लिहिलेलं आहे. फॉर्म साधाच आहे: नाव, मोबाइल, पिनकोड, वयोगट आणि राहण्याचा भाग. भाग यादीतून निवडायचा, म्हणजे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, पलासिया वगैरे. आत दोन ॲक्शन, म्हणजे आलेली रिक्वेस्ट हाताळणारे क्लास, आहेत. पहिली फॉर्म दाखवते आणि त्यासाठी डेटाबेसमधून भागांची व वयोगटांची यादी भरते. दुसरी नोंदणी जतन करते. जतन करताना चूक सापडली तर याद्या पुन्हा भराव्या लागतात, म्हणून आधीच्या कुणीतरी जतन-ॲक्शनच्या 'इनपुट' रिझल्टचा (चूक निघाली तर पुढे काय दाखवायचं किंवा चालवायचं, ते सांगणारी नोंद) प्रकार 'चेन' ठेवून तो फॉर्म-ॲक्शनला जोडून दिलाय.

आता एखाद्या काकूंनी ४५२००९ च्या जागी ४५२०० एवढंच टाकलं आणि बटण दाबलं. पान परत येतं, याद्या जागच्या जागी असतात, पण लाल अक्षरांत एक शब्द नसतो. काकू पुन्हा दाबतात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या बटण दाबत नाहीत, थेट मंडळाच्या चिटणिसांना फोन लावतात.

एरर तयार झालेली असते, ती वाटेत पडते. ती कुठे पडते, तिला पुढे कसं न्यायचं, आणि पुढे नेल्यावर दुसरंच काय बिघडतं, ते क्रमाने पाहू. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवा, कारण एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी स्ट्रट्स हूं की चूं करत नाही.

पायरी १: एरर नक्की कुठे पडते ते समजून घ्या

चेन रिझल्ट म्हणजे त्याच रिक्वेस्टच्या पोटात दुसरी ॲक्शन चालवणं. ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो, वरचा यूआरएलही जतन-ॲक्शनचाच राहतो. पहिली ॲक्शन व्हॅल्यू स्टॅकवर, म्हणजे पान ज्यात किमती शोधतं त्या ऑब्जेक्टच्या चळतीवर, असते, दुसरी तिच्या डोक्यावर जाऊन बसते. मग नवशिक्याला रास्त प्रश्न पडतो: पहिली ॲक्शन स्टॅकवर आहेच, तर जेएसपीतल्या (पान तयार करणाऱ्या फाइलमधल्या) 'फील्डएरर' टॅगला तिच्यातल्या एरर का दिसत नाहीत?

चार पुडांच्या डब्यासारखं आहे हे. टॅग स्टॅकला विचारतो, 'फील्डएरर्स' नावाची वस्तू कुणाकडे आहे? स्टॅक वरून खाली शोधत जातो आणि त्या नावाचा गेटर (किंमत परत देणारी मेथड) ज्या ऑब्जेक्टमध्ये पहिल्यांदा सापडेल त्याचं उत्तर घेऊन थांबतो. दुसरी ॲक्शनही स्ट्रट्सच्या ॲक्शनसपोर्ट या तयार क्लासमधूनच आलेली, त्यामुळे तिच्याकडे गेटर आहे. तो एक रिकामा मॅप देतो. रिकामा असला तरी ते उत्तरच. वरचा पूड उघडला, रिकामा निघाला, झाकण बंद. खालच्या पुडात पिनकोडची एरर तशीच पडून राहते.

साध्या प्रॉपर्टी मात्र पोचतात, कारण त्यांची सोय चेनिंग इंटरसेप्टर करतो (इंटरसेप्टर म्हणजे ॲक्शनच्या आधी-नंतर चालणारा कोडचा तुकडा). स्टॅकवरच्या ऑब्जेक्टमधली प्रत्येक प्रॉपर्टी तो नव्या ॲक्शनमध्ये उतरवतो; अट एवढीच की पहिलीत गेटर आणि दुसरीत त्याच नावाचा सेटर (किंमत भरणारी मेथड) हवा. फील्ड एरर, ॲक्शन एरर आणि मेसेज या तीन गोष्टी तो मुद्दाम वगळतो. हा बग नाही, ठरवलेलं वर्तन आहे. पुढची तिसरी पायरी वाचलीत की ते तसं का ठरवलं असावं, याचा अंदाज येईल.

पायरी २: तीन कॉन्स्टंट चालू करा

त्याआधी दोन गोष्टी तपासा. दोन्ही क्लास ॲक्शनसपोर्टमधून, किंवा निदान व्हॅलिडेशनअवेअर इंटरफेस घेऊन, आलेले आहेत ना? नुसता ॲक्शन इंटरफेस घेतलेल्या क्लासला एरर ठेवायला खिसाच नसतो. आणि दुसऱ्या ॲक्शनच्या इंटरसेप्टर स्टॅकमध्ये (हा व्हॅल्यू स्टॅक नव्हे, क्रमाने चालणाऱ्या इंटरसेप्टरची यादी) 'चेन', म्हणजे वरचाच चेनिंग इंटरसेप्टर, आहे ना? स्ट्रट्सचा तयार डीफॉल्टस्टॅक वापरत असाल तर तो आहेच. जुन्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी स्वतःचा स्टॅक बांधलेला असतो आणि त्यात नेमका हा गळलेला असतो. तो दुसऱ्या ॲक्शनवर हवा. नवे लोक हमखास तो पहिलीवर लावतात आणि मग काहीच का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

आता स्ट्रट्स डॉट एक्सएमएल या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वरच्या बाजूला तीन कॉन्स्टंट लिहा आणि तिघांची किंमत 'ट्रू' ठेवा:

स्ट्रट्स डॉट चेनिंग डॉट कॉपीएरर्स
स्ट्रट्स डॉट चेनिंग डॉट कॉपीफील्डएरर्स
स्ट्रट्स डॉट चेनिंग डॉट कॉपीमेसेजेस

ही नावं २.५ आणि त्यापुढची. २.३ च्या काळातल्या प्रोजेक्टमध्ये 'स्ट्रट्स' आणि 'चेनिंग' यांच्यामध्ये आणखी एक शब्द आहे, 'एक्सवर्क'. स्ट्रट्स २ ज्या पायावर उभं राहिलं तो एक्सवर्क पूर्वी वेगळा जार (जावाची लायब्ररी फाइल) होता, २.५ मध्ये तो मूळ जारमध्ये मिसळला आणि नावातला तो शब्द गेला. नेटवरची बरीच जुनी उत्तरं एक्सवर्कवाली आहेत. ती २.५ मध्ये चिकटवली तर कुठलीही तक्रार न होता फुकट जातात, कारण न ओळखलेला कॉन्स्टंट स्ट्रट्स गुपचूप सोडून देतं. म्हणून आधी लिब फोल्डरमध्ये स्ट्रट्सच्या कोअर जारचा आवृत्ती क्रमांक पाहा, मग नाव लिहा. बदल केल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा.

हे कॉन्स्टंट सगळ्या ॲप्लिकेशनला लागू होतात, एका ॲक्शनपुरते नाहीत. प्रोजेक्टमध्ये आधीपासून दहा ठिकाणी चेन असेल तर त्या दहाही ठिकाणचं वागणं आज बदलणार. शोध लावून सगळे चेन रिझल्ट आधी काढून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

पायरी ३: एरर पोचली, आता ॲक्शन चालेना

खरी अडचण इथे आहे आणि बहुतेक जण इथेच अडकतात. कॉन्स्टंट लावले, सर्व्हर चालू केला, पुन्हा पाच आकडी पिनकोड टाकला, आणि समोर येतं 'नो रिझल्ट डिफाइंड फॉर ॲक्शन' अशी ओळ, शेवटी 'अँड रिझल्ट इनपुट'. फॉर्म-ॲक्शनला तर इनपुट नावाचा रिझल्टच नव्हता, मग तो मागितला कुणी?

डीफॉल्टस्टॅकमधला क्रम बघा. फक्त कामाचे इंटरसेप्टर घेतले तर तो असा आहे: प्रिपेअर, मग चेन, मग पॅराम्स, मग कन्व्हर्जनएरर, मग व्हॅलिडेशन, आणि शेवटाकडे वर्कफ्लो. वर्कफ्लोचं काम एकच. ॲक्शनमध्ये एखादी जरी एरर असेल तर ॲक्शनची मेथड न चालवता 'इनपुट' परत करायचं. एरर इथेच तयार झाली की शेजारून आली, याची चौकशी तो करत नाही. चेनने एरर आणून ठेवली, वर्कफ्लोने ती पाहिली आणि दार लावून घेतलं. याद्या भरणारी मेथड चाललीच नाही.

घाईत लोक फॉर्म-ॲक्शनला 'इनपुट' रिझल्ट जोडून त्याला तीच जेएसपी देतात. पान येतं, एरर दिसते, पण भागांची यादी रिकामी. म्हणजे ज्या कामासाठी चेन लावली तेच काम झालं नाही. काही जण त्याहून पुढे जातात आणि फॉर्म-ॲक्शनच्या इनपुटची चेन पुन्हा फॉर्म-ॲक्शनलाच जोडतात. तिथे स्ट्रट्स 'इन्फिनिट रिकर्शन डिटेक्टेड' म्हणून थांबतं. कुठल्या ॲक्शनमधून आलो याची नोंद चेन ठेवते, म्हणून निदान सर्व्हर तरी वाचतो.

यावरचा सोपा उपाय डीफॉल्टस्टॅकमध्येच आहे. त्यात व्हॅलिडेशन आणि वर्कफ्लो या दोघांनाही चार मेथड सोडून द्यायला सांगितलेलं आहे: इनपुट, बॅक, कॅन्सल, ब्राउझ. तेव्हा फॉर्म-ॲक्शनमध्ये याद्या भरणाऱ्या मेथडचं नाव 'इनपुट' ठेवा आणि स्ट्रट्स डॉट एक्सएमएलमध्ये त्या ॲक्शनच्या 'मेथड' या ॲट्रिब्यूटमध्ये तेच नाव द्या. वर्कफ्लो त्या मेथडकडे बघत नाही, मेथड चालते, याद्या भरतात, आणि आलेल्या एरर जागेवर राहतात. शेवटी मेथडने 'सक्सेस' परत करायचं आणि सक्सेसचा रिझल्ट म्हणजे तुमची जेएसपी.

मेथडचं नाव बदलता येत नसेल, समजा ती दुसऱ्या टीमची आहे, तर त्या ॲक्शनवर डीफॉल्टस्टॅकचा संदर्भ घेऊन 'वर्कफ्लो डॉट एक्स्क्लूडमेथड्स' आणि 'व्हॅलिडेशन डॉट एक्स्क्लूडमेथड्स' असे दोन पॅराम द्या. तुमची यादी मूळ यादीत मिसळत नाही, तिची जागा घेते. मूळची चार नावं हवी असतील तर ती पुन्हा लिहा.

'स्किपव्हॅलिडेशन' हे ॲनोटेशन मेथडवर लावलं की झालं, असं बरेच जण सांगतात. इथे ते पुरत नाही. ते त्या ॲक्शनचं स्वतःचं व्हॅलिडेशन थांबवतं. चेनने आणलेली एरर आणि वर्कफ्लो यांच्यामध्ये ते पडत नाही.

पायरी ४: त्याच रिक्वेस्टचे पॅरामीटर पुन्हा लागतात

दुसऱ्या ॲक्शनमध्ये पॅराम्स इंटरसेप्टर पुन्हा चालतो, आणि तो चेनच्या नंतर येतो. म्हणजे आधी पहिल्या ॲक्शनमधल्या किमती उतरतात आणि लगेच त्यांवर रिक्वेस्टमधल्या मूळ किमती बसतात.

मोबाइल नंबर घ्या. कुणी पुढे ९१ लावून, मध्ये जागा सोडून टाकला. जतन-ॲक्शनने तो साफ करून १० आकडी केला. चेनने तो साफ नंबर फॉर्म-ॲक्शनला दिला. आणि पुढच्याच क्षणी पॅराम्सने त्याच प्रॉपर्टीत पुन्हा ९१ वाला, जागा सोडलेला नंबर भरला. डीबगरमध्ये पाहणाऱ्याला वाटतं चेनने कॉपीच केलं नाही. केलं होतं, नंतर पुसलं गेलं. साफ केलेली किंमत टिकवायची असेल तर तिला फॉर्ममधल्या नावापेक्षा वेगळं प्रॉपर्टीचं नाव द्या.

एकच एरर दोनदा दिसण्याचं मूळही इथेच आहे. दोन्ही ॲक्शन एकाच पायाभूत क्लासमधून काढल्या असतील आणि 'व्हॅलिडेट' मेथड त्या पायाभूत क्लासमध्ये असेल, तर 'पिनकोड सहा आकडी हवा' हे वाक्य एकदा कॉपी होऊन येतं आणि एकदा दुसऱ्या ॲक्शनमध्ये नव्याने तयार होतं. इनपुट मेथडची युक्ती वापरली असेल तर व्हॅलिडेशनही वगळलेलं असतं, त्यामुळे हा त्रास सहसा उरत नाही.

आणखी एक गोष्ट क्रमातूनच निघते. प्रिपेअर हा चेनच्या आधी आहे. त्यामुळे दुसऱ्या ॲक्शनच्या 'प्रिपेअर' मेथडमध्ये पहिलीच्या प्रॉपर्टी किंवा एरर शोधू नका, त्या तेव्हा आलेल्याच नसतात.

पायरी ५: हाताने तपासा

किमान चार प्रकारे फॉर्म पाठवून बघा. पूर्ण रिकामा. फक्त पिनकोड चुकलेला. सगळं बरोबर. आणि सगळं बरोबर, पण पिनकोड महूचा, म्हणजे ४५३४४१. हा चौथा विसरू नका. इंदूर शहराचे पिनकोड ४५२ ने सुरू होतात म्हणून कुणीतरी नियमात ४५२ घट्ट बसवून टाकतं, आणि मग महू आणि राऊकडची मुलं नोंदणीच करू शकत नाहीत. पहिला आकडा शून्य नसावा आणि एकूण सहा आकडे असावेत, एवढा नियम पुरे.

दर वेळी तीन गोष्टी पाहा: एरर दिसली का, एकदाच दिसली का, आणि दोन्ही याद्या भरलेल्या आहेत का. काही बिनसलं तर फॉर्म-ॲक्शनच्या इनपुट मेथडच्या पहिल्या ओळीत फील्ड एररची संख्या लॉग करा. ओळच उमटली नाही तर वर्कफ्लोने अडवलंय. ओळ उमटली आणि संख्या शून्य आली, तर कॉन्स्टंटचं नाव किंवा चेन इंटरसेप्टर तपासा. संख्या बरोबर असून पानावर काही नाही, तर जेएसपीत टॅग राहिलाय, किंवा फील्ड एररसाठी 'ॲक्शनएरर' टॅग लावलाय. हे दोन टॅग वेगळ्या गोष्टी दाखवतात.

पायरी ६: आता चेन काढता येते का ते पाहा

हे सगळं जमलं तरी स्पष्ट सांगायला हवं की नवं काम करताना चेन वापरू नये. स्ट्रट्सच्या अधिकृत दस्तऐवजातही चेनिंगची शिफारस नाही, असंच म्हटलंय. वर पाहिलेले सगळे सापळे एकाच कारणातून येतात: दोन ॲक्शन एकमेकींच्या पोटात शिरतात.

आपल्या फॉर्मला फक्त याद्या पुन्हा भरून हव्या होत्या. त्यासाठी दोन ॲक्शन क्लास लागतच नाहीत. एकच क्लास करा, त्याला प्रिपेअरेबल इंटरफेस द्या आणि दोन्ही याद्या 'प्रिपेअर' मेथडमध्ये भरा. त्याच क्लासवर दोन मॅपिंग ठेवा: फॉर्म दाखवायला इनपुट मेथड, जतन करायला सेव्ह मेथड. जतनच्या 'इनपुट' रिझल्टला थेट जेएसपी द्या, म्हणजे पान दाखवणारा साधा 'डिस्पॅचर' प्रकार. प्रिपेअर हा व्हॅलिडेशनच्या आधी चालतो, त्यामुळे चूक निघो वा न निघो, याद्या तयारच असतात. एररही त्याच ऑब्जेक्टमध्ये असतात, त्यांना कुठे न्यावंच लागत नाही. वापरणाऱ्याने भरलेलं नाव, मोबाइल सगळं फॉर्ममध्ये जसंच्या तसं राहतं. वरचे तीन कॉन्स्टंटही मग लागत नाहीत.

किंमत एवढीच की जतन यशस्वी झालं तरी याद्यांच्या दोन क्वेरी उगाच चालतात. भागांची यादी रोज बदलत नाही, ॲप्लिकेशन स्कोपमध्ये ठेवून द्या.

यशस्वी नोंदणीनंतर मात्र रीडायरेक्ट हवाच, म्हणजे 'रीडायरेक्टॲक्शन' हा रिझल्ट. चेन किंवा डिस्पॅचर ठेवला तर यूआरएल जतनचाच राहतो आणि कुणी एफ५ दाबलं की तीच नोंदणी पुन्हा जाते. एखाद्या सोनूचं नाव स्पर्धकांच्या यादीत तीनदा दिसलं तर कारण बहुधा हेच.

रीडायरेक्टमध्ये रिक्वेस्ट नवी असते, त्यामुळे 'नोंदणी झाली' हा मेसेजही वाटेत पडतो. तो न्यायला स्ट्रट्समध्ये 'स्टोअर' इंटरसेप्टर आहे. तो डीफॉल्टस्टॅकमध्ये नसतो, आपण जोडायचा. दोन्ही ॲक्शनवर, डीफॉल्टस्टॅकच्या आधी 'स्टोअर' लावा आणि 'ऑपरेशनमोड' या पॅरामची किंमत 'ऑटोमॅटिक' ठेवा. या मोडमध्ये रिझल्ट रीडायरेक्ट असेल तरच तो एरर आणि मेसेज सेशनमध्ये ठेवतो, आणि पुढच्या ॲक्शनवर ते काढून तिच्यात भरतो. भरले की सेशनमधून पुसतो.

मग व्हॅलिडेशन एररही स्टोअरनेच रीडायरेक्ट करून न्याव्यात का? शक्य आहे, पण इथे तरी नकोत. स्टोअर मजकूर नेतो, फॉर्ममधल्या किमती नेत नाही. काकूंना लाल अक्षरं दिसतील आणि बाकी फॉर्म कोरा मिळेल, सगळं पुन्हा भरायचं. शिवाय पुढच्या ॲक्शनवर वर्कफ्लो असेलच, तो आलेली एरर पाहून तिसऱ्या पायरीतलाच खेळ करेल. आणि सेशन ब्राउझरच्या सगळ्या टॅबमध्ये एकच. दोन टॅबमध्ये दोन मुलांचे फॉर्म उघडले असतील तर एकाची एरर दुसऱ्यावर उमटू शकते. चूक झाली तर डिस्पॅचर, यश मिळालं तर रीडायरेक्ट, अशी वाटणी ठेवा.

एररचा मजकूर यूआरएलमध्ये पॅरामीटर म्हणून जोडून नेण्याचा मार्गही काही जण काढतात. तो अजिबात नको. यूआरएलमध्ये कुणीही काहीही लिहू शकतं आणि तुमचं पान ते मंडळाच्या नावाने छापतं.

हिंदी-मराठी फॉर्म असेल तर

इंदुरात असा फॉर्म बहुधा दोन्ही भाषांत लागतो. 'रिक्वेस्टलोकॅल' पॅरामीटरने, म्हणजे मराठीसाठी 'एमआर' आणि हिंदीसाठी 'एचआय' देऊन, भाषा बदलता येते. त्या पॅरामीटरच्या नावात दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो. मजकूर प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. जावा ८ वर देवनागरी थेट लिहिली तर पानावर अगम्य चिन्हं येतात, कारण त्या काळात ही फाइल लॅटिन-१ म्हणून वाचली जायची. तिथे जेडीकेमधलं नेटिव्ह-टू-ॲस्की हे साधन वापरून फाइल बदलून घ्यावी लागते. जावा ९ पासून ती यूटीएफ-८ म्हणून वाचली जाते, आणि ते साधनही जेडीकेमधून गेलं.

एरर पुढे नेताना लक्षात ठेवायचं ते हे की एरर नोंदवणाऱ्या 'ॲडफील्डएरर' मध्ये फाइलमधून वाक्य आणणाऱ्या 'गेटटेक्स्ट' चं उत्तर गेलं की तिथून पुढे तो निव्वळ मजकूर असतो, प्रॉपर्टीज फाइलमधल्या कुठल्या 'की'मधून (वाक्याला दिलेल्या नावातून) आला ते कुणाला माहीत नसतं. चेनमध्ये रिक्वेस्ट एकच असल्याने भाषा बदलत नाही. पण ही 'की' शोधली जाते ती पहिल्या ॲक्शनच्या क्लासच्या आणि पॅकेजच्या फाइलमध्ये, दुसरीच्या नव्हे. दुसऱ्या पॅकेजमध्ये वाक्य बदलून ठेवलंत तरी जुनंच दिसेल. स्टोअरमध्ये तर सेशनमध्ये हिंदी वाक्य जाऊन बसतं, आणि मधल्या वेळात कुणी मराठी निवडली तरी मराठी पानावर ते हिंदीतच उमटतं. हे खटकत असेल तर तेवढ्या मेसेजपुरता स्टोअर वापरू नका. सेशनमध्ये फक्त 'की' ठेवा, दुसऱ्या ॲक्शनमध्ये ती काढून 'गेटटेक्स्ट' तिथे करा आणि सेशनमधली नोंद लगेच पुसा.